दामूजींचं दिसलेलं काम

दामूजींचं कौतुक करायचं म्हटलं की माझी पंचाईत होते. गवंड्यानं बांधलेली भिंत दाखवता येते, सोनारानं घडवलेली पाटली दाखवता येते. दामूजी पडले रफूवाले. त्यांनी जन्मभर जे केलं ते दिसू नये म्हणूनच केलं. नागपूरच्या महाल भागातल्या निम्म्या पेट्यांमधे त्यांचं काम घडी घालून पडलेलं असेल, पण दाखवा म्हटलं तर कोणालाही दाखवता यायचं नाही. त्यांचं दिसलेलं काम एकच, आणि ते आमच्या शुक्रवारी तलावाच्या काठावर उभं राहून अख्ख्या गावानं पाहिलं. ते आठवलं की मला आधी हसू येतं आणि मग लाज वाटते. दामूजींची नाही हो. आमची, गल्लीची.

मी अमरावतीची. दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हा लग्न होऊन नागपुरात आले आणि मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले. दामूजींचं घर आमच्या अगदी समोर. पुढे लांबरुंद ओटा, ओट्याला लागून दुकानाची खोली, तिच्या मागे राहायची खोली. दुसरा कोणी असता तर असल्या ओट्यावर गादी टाकून ऐटीत बसला असता. दामूजी ओटा रिकामा ठेवत आणि दार ओढून घेऊन आत काम करत. उजेडासाठी कौलात एक काच बसवली होती, तिच्याखाली त्यांचा पाट. मी एकदा विचारलं, "बाहेर का नाही बसत? हवा तरी लागेल." तर म्हणाले, "उघड्यावर कोणाचं फाटकं काहून दाखवाचं, मास्तरीणबाई?"

माणूस उंच, पण मानेतून वाकलेला. डोक्यावर काळी टोपी, तिच्या काठात सुया खोचलेल्या. डाव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं, धागे वेगळे करायला. बोलणं थोडं. पण बोलण्यात एक वाक्य दिवसातून कितीदा यायचं देव जाणे, "दिसलं नाई पायजे." कापडाबद्दल म्हणत, भाजीतल्या मिठाबद्दल म्हणत, शेजारच्या भांडणाबद्दलही म्हणत. मीठ दिसलं नाई पायजे, भांडण दिसलं नाई पायजे.

माझा शालू एका लग्नात शोभेच्या दारूची ठिणगी पडून पदरावर जळला. सासूबाईंनी दिलेला शालू! माझा तर जीवच गेला. पदराखाली लपवून मी तो दामूजींकडे नेला. त्यांनी काचेखाली धरून नुसता पाहिला. शालूच्या आतल्या काठातूनच त्यांनी धागे काढले. "कापडाचं कापडालेच द्याचं," म्हणाले. काही दिवसांनी बोलावलं, शालू पसरला आणि म्हणाले, "शोधा."

मी शोधलं. उन्हात धरला, उलटा केला, बोटं फिरवली. कुठं काय!

"सापडलं तर मी सुई मोडून टाकतो," दामूजी म्हणाले. त्यांच्या तोंडावर अस्सा आनंद, जसा शाळेत पहिला नंबर आलेल्या पोराच्या तोंडावर असावा. मी हरले म्हटल्यावर त्यांनी घडी घातली आणि हळूच म्हणाले, "आता तुम्हीबी विसरून जा की जळला होता."

मी विसरले नाही, पण सासूबाईंना कधी कळलंही नाही.

अशीच एक गोष्ट एका नवरदेवाची. घोड्यावर चढताना त्याची अचकन पाठीत टर्रकन फाटली. बँड वाजून राहिला, वऱ्हाडी नाचून राहिले, आणि नवरदेव घोड्यावर पाठ भिंतीला लावून बसलेला. दामूजींनी दोन माणसांना चादर धरायला लावली, स्वतः एका स्टुलावर चढले आणि घोडा हलत असताना रफू केलं. हे सगळं आम्हाला कोणी दुसऱ्यानंच सांगितलं. नवरदेव कोणाच्या घरचा ते काही कळेना. आम्ही बायांनी दामूजींच्या किती मागे लागावं! "सांगा ना, कोण होता? आम्ही कोणाला सांगणार नाही." दामूजींनी टोपीतली सुई काढली, दोऱ्याचं टोक ओठात ओलं केलं आणि मान खाली घालून दोरा ओवायला लागले.

ही त्यांची खूण होती. खरं सांगायचं नसलं की दामूजी दोरा ओवत. ज्या सुईत दोरा आधीच असे ती सुईही ओवत. त्यांचं हे गल्लीला ठाऊक होतं, फक्त त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यांची मुलगी कुसुम. एकुलती एक. आई ती लहान असतानाच गेली, दामूजींनीच वाढवली. सावनेरला दिली होती, चांगलं शेतीवाडीचं घर पाहून. एका हिवाळ्यात ती बैलबंडीतून उतरली, बरोबर एक ट्रंक. दामूजींनी ट्रंक आत नेली आणि दार लावलं.

"काय दामूजी, पोरगी आली वाटते?"

"हो ना. आराम कराले आली."

सुई, दोरा.

संक्रांतीला विचारलं तर जावयाच्या आईची तब्येत बरी नव्हती, म्हणून जावई न्यायला येऊ शकले नव्हते. पुढे कापसाच्या गाड्या होत्या. मग उन्हाळा फार होता, अशात कोणी बाईमाणसाले बंडीत बसवते का बापा! मग पेरणी. प्रत्येक सणाला नवीन कारण, आणि कारण असं बारीक, असं बेमालूम की दुसऱ्या गावात कोणाला शोधूनही सापडलं नसतं. पण सावनेरहून आमच्या गल्लीत रोज कोणी ना कोणी येत होतं. कुसुम आली त्याच आठवड्यात गल्लीला सगळं कळलं होतं. पाळणा हलला नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी करून आणली आणि हिची ट्रंक दारात आणून ठेवली. बस्स, एवढंच. तिचा काही गुन्हा नाही, काही नाही.

आता गल्लीनं काय करावं? एक तर तोंडावर सांगावं की दामूजी, आम्हाला माहीत आहे, पोरीला कोंडून ठेवू नका. नाहीतर गप्प बसावं. गल्लीनं तिसरंच केलं. रोज विचारायचं. "जावई कधी येऊन राहिले?" असं विचारून म्हातारा दोरा कसा ओवतो ते पाहायचं आणि घरी जाऊन हसायचं. शिकलेसवरलेले, पूजापाठ करणारे लोक! लाज वाटते म्हटलं ती याची.

कुसुम मागच्या खोलीत. नळावर येत नसे, हळदीकुंकवाला येत नसे. बायांच्या नळावर पहाटे दामूजी स्वतः हंडा घेऊन उभे राहत, भिंतीकडे तोंड करून. मी कपडे घेऊन आत जायची म्हणून मला ती दिसे. हात बापाचेच, उलट बापापेक्षा चपळ. दुकानातलं निम्मं काम तीच करत होती, ते अर्थात कोणाला माहीत नव्हतं. ते तर दिसायलाच नको ना!

त्या वर्षी आमच्या शाळेत शिवण शिकवणाऱ्या बाई सोडून गेल्या. मोठ्या बाईंनी मला विचारलं, मी कुसुमचं नाव घेतलं. मोठ्या बाई म्हणाल्या, आणा. मी कुसुमला सांगितलं तेव्हा तिच्या हातातलं काम तसंच राहिलं.

"मी येऊ का वहिनी? खरंच येऊ? मले घेतील?"

"घेतील म्हणजे? घेतलंच समज."

"बाबाईले तुम्ही सांगा वं. माझ्यानं नाई होणार."

मी सांगितलं. दामूजींनी सुई काढली. "अन् दिवाळीत जावई आले न्यायले म्हणजे? शाळेचा खोळंबा होईन ना, मास्तरीणबाई. तुमचंच नुकसान."

मी म्हटलं, "दामूजी, रोज शाळेत जाताना ती समोरच्या रस्त्यानं जाईल, हेच ना तुमचं दुखणं?"

त्यांनी वर पाहिलं नाही. दोरा ओवला गेला, तरी ओवतच राहिले. मागच्या खोलीच्या दाराशी कुसुमच्या बांगड्या वाजल्या आणि बंद झाल्या. मोठ्या बाईंनी गणपतीनंतरच्या सोमवारपर्यंत जागा ठेवते म्हणून कबूल केलं होतं, मग दुसरी बाई घेणार होत्या. हे मी सांगितलं आणि चडफडत घरी आले.

आणि त्याच गणपतीत आला हवेचा डोंगा, म्हणजे हवा भरून फुगवायची होडी.

त्याचं असं झालं. आदल्या वर्षी विसर्जनात पलीकडच्या गल्लीचा गणपती लाकडी डोंग्यातून तलावाच्या मधोमध गेला, आणि आमचा काठाच्या शेवाळात गुडघाभर पाण्यात टेकला तो टेकलाच. सोंड वर. पलीकडच्या गल्लीनं वर्षभर चिडवलं. आमच्या मंडळाचे मुख्य म्हणजे भय्याजी, धान्याचे व्यापारी, तालेवार माणूस. त्यांच्या ते फार मनाला लागलं. लढाई संपली होती आणि कामठीच्या छावणीत मिलिटरीचा उरलेला माल विकायला निघाला होता. कंदील, बूट, तंबू, काय वाट्टेल ते. भय्याजींनी तिथून रबराचा पिवळा डोंगा उचलला. पंपानं हवा भरली की टम्म फुगतो आणि सहा माणसं बसतात म्हणे. गल्ली खूश! पण घरी आणताना बंडीच्या खिळ्यात अडकला आणि चांगली वीतभर चीर पडली.

कोपऱ्यावर रहमानभाईंचं सायकलचं दुकान होतं. त्यांनी चिरेत हात घालून पाहिलं आणि म्हणाले, "ये पंक्चर नहीं है भय्याजी, ये तो फट गया. पहले किसी अच्छे हाथ से सिलवाओ. फिर ऊपर से मैं पैबंद मारता. मगर पैबंद चार उंगली बाहर जाना चाहिए, चारों बाजू से."

अच्छा हात म्हणजे कोण ते सांगायला नकोच. डोंगा दामूजींकडे गेला.

भय्याजी दारातच म्हणाले, "दामूजी, नवा दिसला पायजे. त्या गल्लीचे पोट्टे म्हणतील, फाटका माल आणला मिलिटरीचा."

"दिसणार नाई," दामूजी म्हणाले.

त्यांनी चीर शिवली. मी पाहिली ती शिवण. वीतभर चीर, आणि टाके असे की मुंगीला पाय ठेवायला जागा नाही. रहमानभाई पैबंद घेऊन आले तर दामूजींनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला आणि जणू कोणी ताटात माशी वाढली असं तोंड केलं. काळ्या ट्यूबचा, चांगला हातभर तुकडा.

"हे लावाचं? याच्यावर?"

"लगाना तो पडेगा. जितने टाके, उतने छेद. हर छेद से हवा निकलेगी."

"मी लावतो. तुम्ही रबराचं सोल्युशन ठेवून जा."

रहमानभाई जाता जाता म्हणाले, "चार उंगली, दामूजी. हवा को शरम नहीं आती."

दामूजींनी चार बोटं सोडली नाहीत. त्यांनी एक बोटही सोडलं नाही. त्यांना ते जमेचना! कुठून तरी पिवळं रबर मिळवलं, चिरेएवढीच बारीक पट्टी कापली, तिच्या कडा काचेच्या तुकड्यानं खरवडून पातळ केल्या, म्हणजे हात फिरवला तरी उंचवटा लागू नये. रंग किंचित वेगळा होता, तर कसला कसला रंग कालवून तो मिळवला. कुसुम म्हणाली होती, "बाबा, पट्टी थोडी मोठी घ्या ना." तिला म्हणाले, "दिसलं नाई पायजे."

अनंत चतुर्दशीच्या दोन दिवस आधी संध्याकाळी तलावावर चाचणी झाली. आमची गल्ली झाडून हजर, बाया पोरं सगळी. पलीकडची गल्लीही आली, बघायला. डोंगा फुगवून घाटाच्या पायरीवर ठेवला होता, पिवळाधमक, केळ्यासारखा. आणि माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. दामूजी, जे दार ओढून काम करत, ते चारचौघांत पुढे झाले आणि मोठ्यांदा म्हणाले, "शोधा."

लोकांनी शोधलं. पोट्टे चारी बाजूंनी हात फिरवून आले. कोणाला सापडलं नाही. "वा दामूजी! कमाल केली गा तुम्ही!" दामूजींची मान त्या दिवशी सरळ झालेली मी पाहिली.

गणपतीच्या वजनाची तांदळाची पोती ठेवली, भय्याजी आणि मंडळाचे तिघे बसले. डोंगा पाण्यात सुटला. पोट्ट्यांनी शिट्ट्या मारल्या. जरा पुढे गेला, आणि मग एक आवाज आला, कोणी फुणफुणावं तसा. एक बुडबुडा आला, मग दुसरा. डोंग्याची एक बाजू खाली बसायला लागली. भय्याजी उभे राहिले. उभं राहायला नको होतं! पोती सरकली, चौघे सरकले, आणि भय्याजी धोतरासकट पाण्यात गेले. पाणी छातीएवढंच होतं, भिण्यासारखं काही नव्हतं. पण त्यांची टोपी तरंगत पलीकडच्या गल्लीच्या काठाला लागली. ते लोक जे हसायला लागले! आमचीही पोरं हसली. मीही तोंडाला पदर लावला, खोटं कशाला बोलू.

भय्याजी चिखलानं भरलेले वर आले. समोर दामूजी. त्यांचा हात टोपीकडे गेला, सुई निघाली, दोरा निघाला.

भय्याजी ओरडले, "ठेवा तो दोरा! आता काय सांगता? वारा जास्त होता? पाणी खराब होतं? तुमच्या घरचं तुम्ही झाकलं, आम्ही झाकू देलं. सालभर तुमचं जावईपुराण ऐकून राहिलो आम्ही. सगळ्याईले माहीत आहे, त्यानं दुसरी केली म्हणून! कोणी म्हटलं का तुम्हाले काही? अन् आमचंबी असंच झाकून देलं तुम्ही?"

 पलीकडच्या गल्लीचं हसणंही थांबलं. भय्याजींना स्वतःलाच कळलं की काय बोलून बसलो, त्यांनी तोंड फिरवलं आणि धोतर पिळायला लागले. कोणी कोणाकडे पाहीना. दामूजींनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं. एकेका तोंडाकडे. सालभर ज्यांनी ज्यांनी विचारलं होतं ती सगळी तोंडं तिथंच होती, आणि दामूजींना तेव्हा कळलं की विचारणारे सगळे माहीत असूनच विचारत होते. मेल्याहून मेल्यासारखं होणं काय असतं ते मी त्या दिवशी पाहिलं. त्यांच्या हातातली सुई पायरीवर पडली, ती त्यांनी उचललीही नाही. निघून गेले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद. मला राहवेना, मी दार ढकलून आत गेले. खोलीभर डोंगा पसरलेला, पोरांनी आणून टाकला होता. दामूजी भिंतीकडे तोंड करून बसलेले. टोपी नव्हती डोक्यावर. त्यांचं डोकं मी पहिल्यांदाच पाहिलं, अगदी पांढरं. आणि कुसुम डोंग्यावर बसून ती पिवळी पट्टी नखानं उचकटून राहिली होती.

"राहू दे वं कुसुम," ते भिंतीलाच म्हणाले. "टाकून दे ते. तोंड दाखवाले जागा नाही राहिली."

"टाकून कसं देऊ? विसर्जन उद्या आहे."

"दुसऱ्याले करू दे."

कुसुमनं पट्टी पुरती ओढून काढली. "बाबा, टाके चांगले आहेत तुमचे. एक टाका सुटला नाही. लपवाले गेले म्हणून हवा गेली. मोठं ठिगळ लावू."

"दिसन."

"दिसू द्या ना."

"लोकाईले दिसन, पोरी."

तिनं हातातली पट्टी खाली ठेवली. तिचा आवाज चढला नाही. "काल नाही दिसलं का, बाबा? सगळ्याईले आधीपासूनच दिसत होतं. तुम्हाले अन् मलेच वाटे का झाकलं आहे म्हणून. सालभर मी या खोलीत बसली. कोणापासून लपून राहिली मी? ज्याईले माहीत आहे त्याईच्यापासून?"

दामूजी वळले नाहीत. त्यांचे खांदे हलायला लागले. मी तिथून निघून यायला हवं होतं, पण पाय उचलेना.  मग त्यांनी डोळे पुसले, हात मागे केला आणि म्हणाले, "कैची दे."

रहमानभाईंना मीच बोलावून आणलं. आल्या आल्या ते म्हणाले, "इधर नहीं होगा. पेट्रोल से पोंछना है, सोल्युशन लगाना है. बंद कमरे में सर फिरेगा. और धूप चाहिए. बाहर लो, ओटे पे."

ओट्यावर! दामूजींनी कुसुमकडे पाहिलं. डोंगा एकट्यानं ताणून धरता येण्यासारखा नव्हता. रहमानभाई पुसणार, दामूजी लावणार, दुसऱ्या टोकाला कोणीतरी हवंच. मी धरते असं म्हणू शकले असते. म्हणाले नाही. 

दामूजींनी दार उघडलं, दोन्ही फळ्या, भिंतीला टेकेपर्यंत. आणि कुसुम पदर खोचून ओट्यावर आली.

गल्लीचा काय थाट! ज्या बायांना वर्षभर नळावर जायला उशीर व्हायचा त्या सगळ्या एकदम हंडे घेऊन बाहेर.  रहमानभाईंनी चिरेभोवती काचकागदानं घासून घासून रबर खरखरीत केलं, पेट्रोलनं पुसलं. सोल्युशन लावलं, वाळू दिलं, पुन्हा लावलं. "हाथ मत लगाओ. चिपचिपा होने दो." दामूजींनी काळ्या ट्यूबवर चार बोटं ठेवली, खडूनं रेघ मारली, पुन्हा चार बोटं ठेवली, आणि कापलं. कोपरे गोल केले, म्हणजे उचकटायला कोपरा सापडू नये. कापताना त्यांचा चेहरा असा होता की जणू स्वतःचाच सदरा भर बाजारात उतरवून राहिले. "माझ्या हातानं ठिगळ लावून राहिलो," ते पुटपुटले. ठिगळ बसलं. कुसुम गुडघा टेकून त्यावर लाटणं फिरवत होती, मधून बाहेर, मधून बाहेर, हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून.

भय्याजी आले. बोलायचं काहीतरी ठरवून आले असणार, कारण खाकरले. "दामूजी, काल मी जे..."

"चप्पल तिकडे काढा भय्याजी," कुसुम वर न पाहता म्हणाली. "रबरावर धूळ नाही पायजे."

भय्याजींनी निमूट चपला काढल्या आणि अनवाणी उन्हात उभे राहिले. माफी मागायची राहूनच गेली. पण बराच वेळ उभे राहिले, एवढं म्हणेन.

दुसऱ्या दिवशी विसर्जन झालं. पिवळ्या डोंग्यावर काळं कुळकुळीत ठिगळ, तलावाच्या त्या काठावरूनही दिसत होतं. पलीकडच्या गल्लीनं "ठिगळ्या गणपती" म्हणून नाव ठेवलं, ते आमच्या गल्लीला पुढे कित्येक वर्षं चिकटलं. पण डोंगा मधोमध गेला, गणपती बुडाला आणि सगळी माणसं कोरडी परत आली. दामूजी गर्दीच्या मागे एका झाडाला धरून उभे होते. कोणी तरी "वा दामूजी" म्हणालं तर त्यांनी मान आणखी खाली घातली.  कुसुमच्या शाळेचं मी विचारलं, तर घराकडे चालायला लागले. मला वाटलं, संपलं. दार पुन्हा लागणार.

सोमवारी सकाळी मी शाळेला निघाले तर समोरचं दार उघडलं. कुसुम बाहेर आली, धुवट साधं पातळ, हातात शिवणाची पिशवी. तिच्या मागे दामूजी, टोपी घालून. आमच्या गल्लीतून शाळेला जायला मागून एक बोळ होता, तिथून कोणी भेटत नाही. माझी खात्री होती की ते त्या बोळात वळणार. ते वळले नाहीत. बाजाराच्या रस्त्याला लागले. मी मुद्दाम मागे राहिले.

पहिलं दुकान किराण्याचं. दुकानदार दार उघडून राहिला होता. त्यानं सवयीनं विचारलं, "कुठी चालले, दामूजी?" आणि मग कुसुमला पाहून त्याला काय करावं कळेना.

दामूजी थांबले. त्यांचा हात टोपीकडे गेला. टोपीच्या काठात एकही सुई नव्हती. बोटं काठावरून फिरली, रिकामी खाली आली, आणि त्या हाताचं काय करावं त्यांना सुचेना. कानाच्या पाळ्या लालबुंद झालेल्या मला मागून दिसत होत्या. ते काहीतरी बोलले, पण इतकं हळू की दुकानदार पुढे वाकला.

"काय म्हणता?"

 कुसुमनं बापाला मदत केली नाही. दामूजींनी मान उचलली, आणि आता रस्त्यावरच्या सगळ्यांना ऐकू गेलं.

"शाळेत चाललो म्हटलं. पोरगी शिवण शिकवते. सावनेरले नाही जाणार ती आता. त्याईनं दुसरी केली. ही इथंच राहीन, माझ्यापाशी."

दुकानदार "बरं, बरं," म्हणाला. दामूजींनी मान पुन्हा खाली घातली आणि दोघं निघाली. लाज काही कमी झालेली नव्हती, त्यांच्या चालण्यातच ती दिसत होती. चार पावलांवर पुढचं दुकान होतं. तिथल्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यानं चष्मा वर केला.

"कुठी, दामूजी?"

दामूजी थांबले.